चांगल्यातला च

मराठीत च दोन आणि अक्षर एक. चिंच म्हणून बघा. पहिल्या च ला जीभ वर टाळूला लागते, दुसऱ्याला पुढे दातांशी येते. चंद्रातला च निराळा, चमच्यातला निराळा. हे शाळेत कोणी शिकवत नाही, घरात ऐकून येतं. आधीच सांगून ठेवते, कारण या अक्षरावरून माझं आयुष्य एकदा इकडचं तिकडे झालेलं आहे.

आणखी एक. नवऱ्याला मी लग्नापासून "अहो"च म्हणत आले. चारचौघांत म्हटलं, दोघंच असताना म्हटलं, रागाने दात आवळलेले असतानाही "अहो"च म्हटलं. इथे मी त्याला "तो" म्हणणार आहे. ज्याला खटकेल त्याने पान उलटावं.

तो पुण्याचा. कुवेतला एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला तेव्हा जे गेले त्यांतला. मी परभणीकडची. बी.ए., बी.एड., दोन्हीला इंग्रजी. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्याच्या पुण्याच्या घरात काढली, मग त्याच्यामागोमाग कुवेतला गेले आणि तिथल्या एका भारतीय शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवायला लागले. शाळा म्हणजे भाड्याने घेतलेला बंगला. त्याच्या स्वयंपाकघरात सहावी ब भरायची, फळ्यामागे ओट्याच्या फरश्या दिसायच्या. मला ती शाळा आवडायची. मुलांना मराठीत काही विचारलं तरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण निदान माझ्या बोलण्याला हसायची नाहीत.

हसायचं काम घरी होतं. त्याचा सगळा जीव उच्चारात. "उच्चारावरून माणसाचं घराणं कळतं," हे वाक्य तो जेवताना, गाडी चालवताना, पाहुण्यांना सोडायला जिना उतरताना म्हणायचा. इंग्रजी शिकवायचे मी, पण माझ्या इंग्रजीतल्याही चुका तो काढायचा. स्वतः मात्र फिल्मला "फिलिम" म्हणायचा, आणि दिवसभर काम तेच. मी ते त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठवडाभर घरात बोलणं बंद, आणि तेही मीच बंद केलं असं तिथल्या मराठी मंडळात सांगितलं गेलं असतं.

माझ्या माहेरी पाण्याला पानी म्हणतात, लोण्याला लोनी. कॉलेजात गेल्यावर मी ण घोटून घेतला, वर्गात एकदाही चुकले नाही. पण दमले, घाईत असले, की जीभ माहेरी जायची. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे हे मला आजही कळलेलं नाही.

एका शुक्रवारी आमच्याकडे अम्गऱ्याहून, गावाबाहेरच्या भंगारबाजारातून, एक वेल्डर आला. कोकणातला, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, एकटा राहणारा. भंगाराच्या आवारात काम करताना पाठीत काहीतरी धरलं होतं; फोटो कुठे काढायचा, कोणाला भेटायचं, ते विचारायला आला होता. उन्हातून बसने आणि पुढे चालत. दारातच म्हणाला, "वैनी, वाईच पाणी देवा."

मी म्हटलं, "बसा, पानी आणते."

"काय आणतेस?" नवरा खुर्चीतून म्हणाला.

"पानी."

"काय?"

मला कळलं काय झालं ते. पण अशा वेळी जीभ आणखी हट्टाला पेटते. पुन्हा पानीच निघालं. तो वेल्डरकडे वळून हसला. "बघा, इंग्रजीची मास्तरीण. हिला पाणी म्हणता येत नाही. म्हण, पा-णी. म्हणेपर्यंत आत जायचं नाही."

वेल्डर बिचारा उभ्या उभ्या चुळबुळत होता. "ऱ्हांवदे वैनी," तो म्हणाला, "माका तशी काय तहान नाय." त्याचे ओठ पांढरे पडले होते. शेवटी मी पाणी म्हटलं, आत गेले आणि तांब्या भरून आणला. देताना मी मान खाली घातली होती. नवऱ्याला वाटलं असेल लाजेने. मला त्या क्षणी तो तांब्या नवऱ्याच्या डोक्यात घालावासा वाटत होता, आणि घातला नाही हे मी चांगुलपण म्हणून सांगत नाही. तांब्यात पाहुण्याचं पाणी होतं.

त्या घरात नळ दोन होते. एक गोड्या पाण्याचा. समुद्राचं पाणी कारखान्यात उकळून गोडं करून यायचं. दुसरा मचूळ, खारट पाण्याचा. ते सुलैबियाकडच्या विहिरींतून यायचं, फरशी धुवायला आणि संडासात वापरायला. दोन्ही नळ दिसायला सारखेच. नव्या माणसाने हमखास चुकीचा सोडावा आणि तोंड वाकडं करावं. बाहेर धूळ, घरात धूळ, खिडक्यांना ओली फडकी लावली तरी ताटात धूळ. मला त्या गावात एकाच गोष्टीची भूक होती, जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याची. नदी नको, ओढा चालेल, पाटसुद्धा चालेल, असं मी मनात म्हणायचे.

मग एका वर्षी त्याने ठरवलं की मी पुण्याला जायचं. सासऱ्यांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि जाऊबाई करून करून थकल्या होत्या. तो स्वतः फ्लॅट सोडून हॉस्पिटलातल्या बॅचलर लोकांबरोबर राहणार. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या जोरावर निघायचा. मे महिन्यात तो संपत होता आणि पुन्हा काढायचा नाही. हे त्याने मी मेथी निवडत होते तेव्हा येता-जाता सांगितलं.

"आणि माझी शाळा?" मी विचारलं.

"शाळेला काय झालं? दुसरी कोणी मिळेल त्यांना."

"पुण्यात मिळेल का मला शाळा?"

"पुण्यात?" तो खरोखरच हसला. "पुण्यात तुझे उच्चार ऐकून तुला फळ्यासमोर कोण उभं करणार?"

सासऱ्यांचं करायला माझी ना नव्हती. म्हातारा माणूस, त्यांचा काय दोष. पण ते घर मला ठाऊक होतं. त्या घरात धाकटा पुतण्यासुद्धा माझा ण तपासायचा आणि सगळे त्याला शाबासकी द्यायचे. तिथे एकदा गेले की शिकवणं गेलं, आणि शिकवणं गेलं की मी उरतच नव्हते. माझा पासपोर्ट त्याच्या लोखंडी कपाटात होता आणि किल्ली त्याच्या खिशात. मेपर्यंत काहीतरी करायला हवं होतं, आणि काय करायचं याची मला सुतराम कल्पना नव्हती.

ते स्टाफरूममध्ये थट्टेत मिळालं. कोणीतरी म्हणालं, चीनहून दोन माणसं आलीत, हॉटेलात उतरलीत, इंग्रजीचे मास्तर शोधतायत. गोरे परवडत नाहीत म्हणून आपल्यावर आलीत. सगळे हसले. कोणी डोळे बारीक करून दाखवले. मी हसणं संपायची वाट पाहिली आणि हॉटेल कुठलं ते विचारून घेतलं.

एक म्हातारे गृहस्थ होते, निळा बंद गळ्याचा कोट घातलेले, आणि त्यांच्याबरोबर एक तरुण बाई. म्हाताऱ्यांचं इंग्रजी जुन्या पुस्तकातलं, पण स्वच्छ. त्यांनी माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला, वर्गात साठ मुलं असतील तर बोलायला कसं शिकवाल ते विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे साठ म्हणजे वर्ग रिकामा वाटतो. ते हसले. मग म्हणाले, जागा दोन आहेत, दोन शहरांतल्या शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांत, आणि दोन्ही शहरांची नावं त्यांनी उच्चारली.

दोन्ही चांगजौ. एकात चंद्रातला च, एकात चांगल्यातला.

मी दोन्ही म्हणून दाखवली. म्हाताऱ्यांनी मान वर केली. "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटली. त्यांनी त्या बाईला काहीतरी सांगितलं, तिनेही म्हणायला लावली. "इंग्रजांना हे जन्मात जमत नाही," ते म्हणाले. "दोन्ही गावांचं एकच करून टाकतात. तुम्ही हे कुठे शिकलात?"

"परभणीला," मी म्हटलं.

माझ्या जिभेचं कोणी कौतुक केलं ते आयुष्यात पहिल्यांदा. मला तिथेच रडू येत होतं आणि मी पर्समध्ये रुमाल शोधत असल्यासारखं केलं.

मग त्यांनी दोन्ही शहरं समजावून सांगितली. चंद्रातला च ते दक्षिणेकडे, शांघायपासून जवळ. हिरवं. गावातून कालवे, कालव्यांतून होड्या, बायका पायऱ्यांवर बसून भाजी धुतात. चांगल्यातला च ते उत्तरेकडे, तिएनत्सिनच्या खाली. सपाट, कोरडं, जमिनीवर मीठ फुटलेलं. पाणी खारट. हिवाळ्यात वारा नुसता कापतो. कालवा तिथेही आहे, पण पाणी असेलच असं नाही. "जुन्या काळी," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "शिक्षा झालेल्यांना तिथे धाडत असत. बोरं मात्र छान होतात." दोन्हीकडे माझी निवड पक्की, पुढच्या आठवड्यात ते परत निघणार होते, त्याआधी कुठलं ते फोनवर कळवायचं.

कळवायचं काय त्यात? हॉटेलच्या जिन्यातच मी त्या पायऱ्यांवर बसून भाजी धुवायला लागले होते.

आता नवरा. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. त्या शुक्रवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं, एका डॉक्टरीणबाईंच्या प्रशस्त फ्लॅटमध्ये. बायका एका खोलीत, पुरुष शेजारच्या, मधलं दार उघडं. तिळगूळ हातात आल्यावर मी वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं, "मी चीनला जातेय. तिथल्या कॉलेजात परदेशी तज्ज्ञ म्हणून बोलावलंय."

 मग पलीकडून एक डॉक्टर म्हणाले, "अरे वा! कमाल आहे हो तुमची. स्वतः इथे राहून मिसेसना पाठवताय? एवढं मोठं मन कोणाचं असतं?" माझी नजर दारातून त्याच्यावर होती. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी अजून विसरले नाही. मग डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा फुलला. "मीच म्हटलं, जा," तो म्हणाला. "तिची कुठली हिंमत?"

गाडीत त्याने काच वर केली आणि सुरू झाला. माझं नाक कापलंस, पाठीत सुरा खुपसलास, वगैरे. मी रस्त्याकडे बघत बसले. घर येईपर्यंत त्याचा ताल बदलला. एक वर्ष, त्यानंतर पुणं. तोवर जाऊबाई बघतील. आणि शहर तो ठरवणार. "तुला काय कळतंय त्यातलं."

घरी मी कागदावर दोन्ही नावं लिहिली आणि त्याच्यापुढे ठेवली. एका नावाखाली पाण्याची लाट काढली, ओळखू यावं म्हणून.

"एकच नाव दोनदा कशाला लिहिलंस?"

"दोन आहेत अहो. यातला च वेगळा आणि यातला..."

त्याने पंजा वर केला. हा पंजा म्हणजे आमच्या संसारातला पोलीस. तो वर झाला की माझं वाक्य जिथे असेल तिथे थांबायचं. मग त्याने त्याचा जुना ॲटलास काढला, भिंग घेतलं आणि शोधत बसला. शांघायजवळ त्याला इंग्रजीत चांगचौ सापडलं, सी-एचने सुरू होणारं. दुसरं त्या नकाशात नव्हतंच. "बघ," तो म्हणाला, "गाव हे एकच आहे. दुसरं असेल कुठलं तरी खेडं, नकाशात यायची लायकी नसलेलं. हेच घ्यायचं."

हेच म्हणजे लाट काढलेलं. लग्न झाल्यापासून आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने भिंगाखाली त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बोलतच राहिला. शांघायला बोट लागते. सहा महिन्यांनी तो स्वतः येणार, तिथल्या प्रिन्सिपॉलला भेटणार, बायको कशी वागते, कोणाशी बोलते ते विचारणार. दर आठवड्याला पत्र टाकणार, त्यात मी काय करायचं ते लिहिणार, आणि मी उलट टपाली उत्तर द्यायचं, शुद्धलेखन तपासून. वर्ष भरलं की स्वतः न्यायला येणार. माझ्या पायऱ्यांवर तो येऊन बसला, भाजी नीट धुतली जाते की नाही ते बघत.

पुढचे चार-पाच दिवस मंडळात त्याचाच बोलबाला. राई नावाच्या भागातल्या गॅरेजमध्ये गाडी दाखवायला गेला तिथेही त्याने सांगितलं. कागद खिशातून काढून दाखवायचा. मराठी माणसाला चांग दिसलं की तोंडातून चांगलं निघतं, चांगभलं निघतं. "चांगजौ? म्हणजे गाव चांगलंच असणार!" जो तो हाच विनोद करायचा आणि तो प्रत्येक वेळी नव्याने हसायचा. बुधवारपर्यंत त्याच्या तोंडात चांगल्यातला च घट्ट बसला होता. मी ऐकत होते. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, हे खरं.

फोन मी करणार होते. तो म्हणाला, असली बोलणी बायकांनी करायची नसतात. बुधवारी संध्याकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, फोनवर बोलायला, आणि नंबर फिरवला. मी शेजारी उभी. म्हाताऱ्यांचा आवाज मला रिसीव्हरमधून ऐकू येत होता.

"मी माझ्या पत्नीच्या वतीने बोलतोय," तो इंग्रजीत म्हणाला. "ती चांगजौला जाईल."

चांगल्यातला च. स्वच्छ, खणखणीत, दातांशी.

 मी त्याची बाही ओढली. पंजा वर झाला.

 मग म्हाताऱ्यांनी तेच नाव उच्चारलं, हळू, तोच च, आणि विचारलं, "मॅडमनी नीट विचार केला आहे ना? त्यांची खात्री आहे?"

त्याला कोणी दुसऱ्यांदा विचारलेलं खपत नसे. त्याचा कान लाल झाला. "मी चांगजौ म्हटलं," तो एकेक अक्षर तोडत म्हणाला. "चांग-जौ. मी एकदा बोलतो, आणि स्पष्ट बोलतो."

"ठीक आहे," म्हातारे म्हणाले. "त्यांच्या धैर्याचं आम्हाला कौतुक वाटतं."

त्याने रिसीव्हर ठेवला, बाही सरळ केली आणि माझ्याकडे वळला. "बघितलंस? उच्चार असा लागतो. परक्या देशाचा माणूस, पण एका झटक्यात कळलं त्याला."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. अहो, तुम्ही मला मिठावर पाठवलंत, एवढंच म्हणायचं होतं. फोन समोर होता, हॉटेलचा नंबर मला पाठ होता, गावातल्या गावात फोन करायला तिथे काही लागत नसे. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याचा ॲटलास अजून टेबलावर उघडा पडलाय आणि त्याचं बोट पुन्हा शांघायजवळच्या त्या ठिपक्यावर गेलंय. पत्रं तिथे जाणार. बोटीतून उतरून तो तिथे जाणार. माझ्या गावाचा त्याच्या नकाशात ठिपकासुद्धा नव्हता.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. चहा टाकते."

स्वयंपाकघरात जाऊन मी दार लोटलं. आधण ठेवलं. मग खाऱ्या नळाखाली ओंजळ धरली. फरशी धुवायचं पाणी. तोंडात घेतलं. डोळ्यांपुढे त्या हिरव्या कालव्याच्या पायऱ्या आल्या, होड्या आल्या. किती वर्षं मी पाण्यासाठी झुरले होते ते माझं मला ठाऊक. मी ते पाणी गिळलं. पुन्हा ओंजळ भरली आणि तीही गिळली. वाईट होतं, पण घशाखाली जात होतं.

बाहेरून तो ओरडला, "चहात साखर कमी." मी हो म्हटलं. शहर ठरलं होतं, आणि ते मी ठरवलं होतं. त्याने फक्त फोन केला होता.

पुढे एकदा धोका आला. चीनहून कागद आला, वर चिनी अक्षरं, खाली इंग्रजीत कॉलेजचं गाव. सी, मग थेट ए.  त्याने कागद उजेडात धरला, बराच वेळ वाचला आणि तुच्छतेने हसला. "स्वतःच्या गावाचं स्पेलिंग येत नाही यांना. एच खाल्लाय." खिशातून लाल पेन काढून त्याने सी आणि ए यांच्यामध्ये एक सुबक एच घातला, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गेल्यावर दाखव त्यांना." मी बरं म्हटलं.

पासपोर्ट त्याने विमानतळावर दिला, अगदी शेवटी, मंडळाच्या चार माणसांसमोर. डॉक्टरीणबाईंनी कुंकू लावलं. त्याने मला सूचना दिल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जातील अशा. पत्राला लगेच उत्तर. कोणाकडे जेवायला जायचं नाही. उच्चाराकडे लक्ष. "आणि तहान लागली तर काय मागशील?" तो हसत म्हणाला आणि बाकीचे चौघंही हसले.

"पाणी," मी म्हटलं. ण असा उच्चारला की डॉक्टरीणबाई दचकल्या. त्याला मी नीट उच्चारून दाखवलेला तो शेवटचा शब्द.

म्हाताऱ्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. गाव सपाट होतं, शेतांवर पांढरा थर फुटलेला, मार्चमध्ये धुळीचं वादळ आलं तेव्हा मला वाटलं मी कुवेतलाच परत आले. खोलीत एक नळ, पाणी मचूळ. पहिल्या वर्गात माझ्यापुढे पन्नासेक तरुण मुलं-मुली होती. मी जे बोलेन ते त्यांनी वहीत उतरवलं, आणि माझ्या उच्चाराला कोणी हसलं नाही, कारण त्यांच्या कानांनी त्याआधी दुसरा कोणाचा ऐकलेलाच नव्हता. मी तिथे एक वर्षासाठी गेले आणि पुढे बरीच वर्षं राहिले. बोरं खरोखरच छान होतात.

परभणीला माझी मोठी बहीण, अक्का. तिला मी पत्ता कळवला होता, एचशिवायचा. दुसऱ्या हिवाळ्यात तिचं पत्र आलं. "तुझे मालक सगळ्याला सांगायलेत," तिने लिहिलं होतं, "की दर आठवड्याला पत्र टाकतो पण एकाचंबी उत्तर येत नाही. मध्ये ते बोटीनं जाऊनबी आले म्हणं. तिथल्या कॉलेजात असली कोणी बाईच नाही म्हणाले. आता म्हणायलेत की चीनचं पोस्ट लबाड, कॉलेज लबाड, सगळा देशच लबाड. मला पत्ता त्यांनी विचारला नाही, आपल्या घरच्याला काय विचारायचं म्हणून. मी बी सांगितला नाही. तू बरी हायस ना? काही निरोप सांगू का त्यांना?"

एवढं सगळं झालं, समुद्र ओलांडून तो परक्या गावात वेड्यासारखा हिंडून आला, पोस्ट चुकलं, कॉलेज चुकलं, एक अख्खा देश चुकला. आपला च चुकला असेल हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

मी अक्काला उलट टपाली उत्तर लिहिलं. निरोप एकच, म्हटलं, आणि तो असाच्या असा सांग, अक्षर बदलू नको. इथलं पानी मला मानवलं.